नवा शिवदोरा

हस्ताचा पाऊस दोन दिवस मनासारखा पडला, तिसऱ्या दिवशी उघडीप मिळाली आणि चिंचनूरच्या काळ्या रानांत ज्वारी पेरायची घाई उडाली. गावात ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र येऊन चार वर्षं झाली होती, पण रुद्रप्पाने ते आपल्या बांधाच्या आत कधी येऊ दिलं नाही. पेरणी म्हणजे आपली बैलं, आपली तिफण आणि चाड्यावर शिवबाईची मूठ, हे त्याचं ठरलेलं. त्यात बायकोचं कौतुक होतं, पण ते त्याने तोंडाने कधी केलं नसतं. कौतुक गाव करायचं. शिवबाईने पेरलेलं रान उगवलं की बांधावरून जाणारा माणूस थांबून बघायचा. ओळीत कुठे दाटी नाही, कुठे तूट नाही.

बियाण्याची घागर माजघराच्या कोपऱ्यात होती. निवडक मालदांडी, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून वरून फडकं बांधलेलं. रुद्रप्पा ती उचलायला वाकला तशी शिवबाई म्हणाली, तुम्ही बैलं जुंपा, बी मी आणते. तो बाहेर गेल्यावर तिने कोपरापर्यंत हात आत घातला आणि तळातून चांदीची करडगी बाहेर काढली. सुपारीपेक्षा थोडी मोठी डबी, आत लिंग. ते तिच्या लेकाचं, नंदीशचं होतं. नंदीश पोलीस शिपाई होता. कामावर असताना त्याला मरण आलं त्याला चौदा महिने झाले होते, आणि हे लिंग पोलिसांनी हरवलं म्हणून त्याचा बाप चौदा महिने खात्याशी भांडत होता.

घागर आज रिकामी होणार होती. दुसरी जागा सुचेना, अंगणातून रुद्रप्पाची हाक आली. तिने करडगी पदराने पुसली, ओटीत टाकली, वरून बी भरून घेतलं आणि ती रानात गेली.

ऊन चांगलंच तापलं होतं. ओल्या मातीची वाफ पोटऱ्यांना लागत होती. रुद्रप्पा बैलं हाकत होता, शिवबाई तिफणीच्या बाजूने चालत उजव्या मुठीतून चाड्यात दाणे सोडत होती. मूठ रिकामी झाली की हात ओटीत जायचा, आणि दर दहा-बारा पावलांवर बोटांना दाण्यांतली ती गार चांदी लागायची. लागली की हात दचकायचा. तेवढ्यात बैलं दोन पावलं पुढे गेलेली असायची आणि चाडं कोरडं पडलेलं असायचं. तीस वर्षांत तिच्या हातून असं झालं नव्हतं. रुद्रप्पाला मागे बघायची सवयच नव्हती, म्हणून त्याला ते कळलं नाही.

गेल्या वर्षी श्रावणात नंदीश दोन रात्रींच्या मुक्कामाला घरी आला होता. त्याची बायको राजेश्वरी पंचमीला माहेरी, सोलापुरात शुक्रवार पेठेत गेली होती. घरात मायलेक दोघंच. रुद्रप्पा सकाळीच शेताला गेलेला. नंदीश अंघोळ करून लिंगपूजेला बसला आणि गळ्यातला शिवदोरा त्याच्या हातात तुटून आला. घामाने कुजला होता तो. दहा वाजता त्याला सीमेवरच्या तपासणी नाक्यावर हजर व्हायचं होतं. तो म्हणाला, सुतळीचा एक तुकडा दे, बांधून जातो.

"सुतळीत लिंग बांदत्यात व्हय?" शिवबाई म्हणाली. "ठिव हितं. मी चांगला दोरा वळून ठिवते. सांजच्याला घाल."

"अव्वा, अंगावर लिंग न्हाय, आन् कसं जाऊ?"

"एका दिसानं काय हुतंय."

शिवबाई हट्टी बाई. बाजारातला तयार दोरा तिला चालायचा नाही आणि सुतळी तर नाहीच. नंदीश हसला, करडगी तिच्या तळहातावर ठेवून त्याने डोकं टेकवलं, आणि गाडीला लाथ मारून गेला. जन्मून बारा दिवसांचा होता तेव्हा त्याला लिंग बांधलं होतं. तेव्हापासून ते त्याच्या अंगावरून उतरल्याचा हा पहिला दिवस, आणि तो तिनेच उतरवला.

अकराच्या सुमाराला गुटखा भरून आलेली एक पिकअप नाक्यावर थांबली नाही. नंदीश लोखंडी अडथळा ओढून रस्त्यात उभा होता. अडथळ्यासकट तो वीस हात फेकला गेला. शिवबाई त्या वेळी उंबऱ्यावर बसून मांडीवर सूत वळत होती. पाच पदर घेतले, पीळ दिला, ओलं करून ताणलं, भस्म चोळलं. मग भाकरी थापल्या, मग पुन्हा दोरा हातात घेतला. चार वाजता तो पुरा झाला, तिने करडगीला बांधला, आणि त्यानंतर फोन आला. पाच तास ती मेलेल्या लेकासाठी दोरा वळत बसली होती. हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. वेळा तिने स्वतःच जुळवून पाहिल्या होत्या, पुन्हा पुन्हा.

दुसऱ्या दिवशी नंदीशला तिरंग्यात गुंडाळून आणलं. सलामीला आलेल्या एका तरुण साहेबाने लाकडं कुठे रचलीत म्हणून विचारलं. त्याला सांगावं लागलं की आमच्यात जाळत नाहीत, मांडी घालून बसवतात, डाव्या हातात त्याचं लिंग देतात आणि मग माती देतात. सरकारी पेटी लांबलचक होती, खड्डा चौकोनी होता. पेटी काठावर ठेवून त्याला बाहेर काढायला चौघं लागले, आणि त्या ओढाताणीत त्याच्या पायातला एक मोजा निघाला. मोजा निघालेला तो पाय शिवबाईला अजून दिसतो.

गावचे महेश्वर स्वामी खड्ड्यात उतरले होते. त्यांनी वर बघून लिंग मागितलं. रुद्रप्पा म्हणाला, अंगावर असेल. अंगावर नव्हतं. शिवबाईने बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात मागच्या बायकांत कोणीतरी हळूच म्हणालं, "अंगावर लिंग नसंल बगा, म्हणून तर घात झाला."

ते ऐकलं आणि तिचं तोंड मिटलं ते मिटलंच. स्वामींनी पिशवीतून एक नवं लिंग काढलं, मंत्र म्हटले, नंदीशच्या हातात ठेवलं. बंदुका उडाल्या. खड्डा भरला. खरं लिंग त्या वेळी घरात देवाच्या फळीवर होतं, नव्या दोऱ्यासकट.

पुढे जे झालं ते तिच्या हातात राहिलं नाही. लिंगायताचं लिंग अंगावरून जातं कुठे, चांदी बघून कोणीतरी काढून घेतलं, असा रुद्रप्पाने अर्ज केला. मृतदेह ताब्यात घेऊन अंगावरच्या वस्तूंची यादी हवालदार हिंदुराव यांनी केली होती, म्हणून बोट त्यांच्याकडे वळलं. ग्रामपंचायतीने पंधरा ऑगस्टला सत्कार ठेवला, तर रुद्रप्पा शाल बाजूला सारून म्हणाला, सत्कार नको, माझ्या पोराचं लिंग द्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका पेपरात त्याचा फोटोही आला. भिडस्त माणूस, सभेत कधी उभा न राहिलेला, तो आता गावात ताठ मानेने चालायला लागला. लेक गेल्यावर त्याला एवढीच एक गोष्ट धरायला उरली होती. ती त्याच्या हातातून काढून घ्यायची कशी, या विचाराने शिवबाई रोज उद्यावर ढकलत गेली. करडगी फळीवरून पेटीत गेली आणि पेटीतून घागरीत.

पेरणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मोटारसायकलवरून हिंदुराव हवालदार रानात आले. मूळचे नातेपुत्याकडचे, निवृत्तीला आलेले, गुडघे दुखत असल्याने बांध उतरताना आडवे पाय टाकणारे. नंदीशला नोकरीत त्यांनीच हाताखाली घेऊन तयार केलं होतं. रुद्रप्पा त्यांना पाहून बैलांकडे वळला आणि चारा टाकत पाठ करून बसला. हवालदार बांधावर उन्हातच बसले. शहीद पोलिसांच्या स्मृतिदिनाला, एकवीस तारखेला, सोलापूरच्या मैदानावर कुटुंबाने यावं असं पत्र त्यांनी आणलं होतं. ते पोचवायला दुसरा कोणी चालला असता, पण मीच जातो म्हणून ते मागून घेऊन आले होते.

रुद्रप्पा न वळता म्हणाला, "येतो की. मोट्या सायबाम्होरं लिंग मागतो. लेखी आणतो."

हवालदारांनी मान हलवली. मग ते शिवबाईकडे बघून सावकाश बोलले. "वैनी, म्या माज्या हातानं त्याच्या शर्टाची बटणं काढली. गळा मोकळा हुता. तवाच मनात आलं, ह्येचा दोरा कुटं गेला? धा माणसं लावून रस्त्याकडंची गवतं चाळली. न्हाय घावलं. चौकशी काय हुईल ती हू द्या. एकतीसला माजी नोकरी संपती. पर पोरगं वरून बगत आसंल, त्येला तरी खरं ठावं हाय."

तिच्या ओटीत, दाण्यांखाली, ते लिंग होतं. त्यांच्यापासून चार हातांवर. तिने तांब्या भरून पुढे केला, पाणी तिच्याच पायांवर सांडलं. ते पाणी प्यायले, त्यांनी तांब्या स्वतः विसळला, बांधावर पालथा घातला आणि ते आडवे पाय टाकत गाडीकडे गेले. शिवबाईला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती.

सहाव्या दिवशी ज्वारी उगवली. रुद्रप्पा न्याहारीआधीच रानात गेला आणि बराच वेळ परतला नाही, म्हणून ती बघायला गेली. तो ओळीत उकिडवा बसला होता. दहा-बारा पावलं हिरवं, मग दोन पावलं काळी माती. पुन्हा हिरवं, पुन्हा माती. सगळं रान तसंच. शेजारचा धुळा बांधावर थांबून बघत होता. औंदा यंत्रानं पेरलंसा का काय, म्हणून त्याने सहज विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तो मेंढरांमागे गेला. रुद्रप्पाच्या तोंडावरचा रंग उतरला.

तो रागावेल असं तिला वाटलं. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने विचारलं, "हात दुकतो का?"

ती व्हय म्हणाली. दिवेलागणीला त्याने करडईचं तेल कोमट केलं, तिचं मनगट मांडीवर घेतलं आणि गप्पपणे चोळत बसला. सोलापूरहून आलं की डॉक्टरला दाखवू म्हणाला. त्या हाताने तिने त्याला चौदा महिने फसवलं होतं, आणि तो ते मनगट दुखू नये म्हणून जपून चोळत होता. सांगून टाकायचं शिवबाईने तेव्हाच ठरवलं. तरी त्या दिवशीही तिच्या तोंडून शब्द फुटला नाही.

एकवीसला दोघं पहिल्या एस.टी.ने सोलापूरला गेली. रुद्रप्पाने धुतलेला रुमाल बांधला होता आणि खिशात तलाठ्याच्या भावाकडून लिहून घेतलेला अर्ज होता, तो दर थांब्याला चाचपून बघत होता. करडगी शिवबाईच्या कमरेला होती. मैदानावर राजेश्वरी भेटली. नंदीशच्या जागेवर तिला खात्यातच कारकुनाचं काम मिळालं होतं, सकाळपासून ती पाहुण्यांची नावं लिहीत होती. सासूला पहिल्या रांगेत बसवताना ती म्हणाली, हिंदुरावकाका आज परेडला नाहीत, चौकशी चालू आहे म्हणून त्यांना गाड्या लावून घ्यायला ठेवलंय.

परेड उभी राहिली. वर्षभरात देशात कामावर मेलेल्या पोलिसांची नावं एक अधिकारी वाचायला लागला. नावं लांबलांबची, कुठल्या कुठल्या राज्यांतली. गेल्या वर्षीच्या यादीतून राहून गेलेलं नंदीशचंही नाव त्यांत आलं, बापाच्या नावासकट, आणि वाचणाऱ्याने ते नीट उच्चारलं. रुद्रप्पाचा खांदा हलला. शिवबाईला वाटलं, एवढ्या सगळ्या आया कुठे कुठे बसल्या असतील, आणि त्यांतली एकही आपल्यासारखी नसेल. ती उठली. राजेश्वरीला वाटलं, सासूला गरगरतंय. ती मागे धावली, पण शिवबाई मंडपाबाहेर पडून सरळ गाड्यांकडे गेली.

हिंदुराव एका जीपला मागे घेत होते. हातात शिट्टी, घामाने सदरा पाठीला चिकटलेला. तिने कमरेची गाठ सोडली आणि तळहात पुढे केला. त्यांनी करडगी पाहिली, दोरा पाहिला. ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

"माज्याकडं हुतं," ती म्हणाली. "त्या दिसापासनं. म्याच काडून घेतलं हुतं, दोरा तुटला म्हणून."

मागे राजेश्वरी खांबासारखी उभी राहिली. हवालदारांनी शिट्टी खिशात टाकली. रागाचं काहीतरी त्यांच्या तोंडावर येऊन गेलं, ते तिने पाहिलं. पण ते बोलले ते वेगळंच.

"झाका ते, वैनी. आज पोराचं नाव घेत्यात तितं. ह्यो दिस त्येचा हाय. माजं धा दिसांचं काय, जाईल तसंच. कुणाला कळायचं कारण न्हाय."

एक क्षण तिला सुटल्यासारखं वाटलं, हे खोटं कशाला सांगायचं. मग तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला, एका दिसानं काय हुतंय. ती तशीच मागे फिरली.

कुटुंबांना पुढे बोलावत होते. रुद्रप्पा उभा राहून रुमाल सारखा करत होता, अर्ज हातात घेतलेला. शिवबाई त्याच्यासमोर जाऊन थांबली.

"कागद काडू नगा," ती म्हणाली आणि मूठ उघडली.

त्याने बघितलं. मग तिच्या तोंडाकडे बघितलं. ध्वनिक्षेपकावर त्याचं नाव दुसऱ्यांदा पुकारलं. तो एकटाच गेला. साहेबांनी शाल घातली, हात हातात घेतला, काही सांगायचंय का म्हणून विचारलं. रुद्रप्पाने नाही म्हणून मान हलवली. अर्ज मुठीत चुरगळला होता, तो घेऊनच तो खाली उतरला आणि तिच्या शेजारची खुर्ची सोडून पलीकडे बसला.

कार्यक्रम संपल्यावर शिवबाईने साहेबांना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी तिला आत बसवलं, चहा मागवला आणि जबाब लिहून घ्यायला लावला. दोन पानं झाली. ते ओरडले नाहीत, उलट आई म्हणून बोलले, आणि तेच तिला जास्त लागलं. सही करायची वेळ आली तेव्हा अंगठा देऊ का म्हणून तिने विचारलं. दारात हिंदुराव उभे होते. रुद्रप्पाने त्यांच्याकडे वळून हात जोडायला घेतले, ते छातीपर्यंत येऊन थांबले. हवालदारांनी ते जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवले.

त्यानंतर रुद्रप्पा घरात बोलेनासा झाला. ताटात वाढलेलं खायचा, हात धुवायचा, उठायचा. गावात व्हायची ती चर्चा झाली. पूर्वी त्याच्या बाजूने टाळ्या वाजवणारे आता, बायकोनेच बनवलं की म्हाताऱ्याला, असं म्हणून हसले. पाणवठ्यावर बायका तिला पाहून बोलणं बदलत. राजेश्वरीने फोनवर तब्येत विचारली आणि ठेवून दिला. शिवबाई खुरपं आणि भिजवलेलं बी घेऊन रोज रानात जायची, तूट पडलेल्या जागी वाकून दोन-दोन दाणे टोचायची. कंबर मोडून यायची. मागून लावलेली ज्वारी पुढच्या ज्वारीला गाठत नसते, हे तिला ठाऊक होतं, तरी ती लावत राहिली. रुद्रप्पा रानाच्या दुसऱ्या टोकाला काम काढायचा.

एकतीस तारखेला दुपार कलताना हिंदुराव आले. चौकशी मिटली होती, सकाळी ठाण्यात हारतुरे झाले होते, अंगात वर्दी होती. संध्याकाळी ती उतरवायची, त्याआधी नंदीशकडे जाऊन येतो, असं ते रुद्रप्पाला म्हणाले. महेश्वर स्वामींना रुद्रप्पाने आधीच विचारून ठेवलं होतं. स्वामी म्हणाले होते की समाधी एकदा भरली ती उकरत नाहीत, हातात दिलेलं लिंग त्याचंच झालं. पण हेही त्याचंच, ते उशाला मातीत ठेवा.

शेताच्या कडेला, पांढऱ्या चुन्याच्या चौथऱ्याशी, सोलापूरहून आलेली राजेश्वरी धरून चौघं उभी राहिली. रुद्रप्पाने कुदळीने हातभर खोल खड्डा घेतला. हिंदुरावांनी टोपी सारखी केली, दुखरे गुडघे जुळवले आणि सलाम ठोकला. बंदुका नव्हत्या, बिगुल नव्हता. हात खाली यायला बराच वेळ लागला.

"लेका, माजा डाग गेला," ते समाधीकडे बघत म्हणाले. "तू गेलास ती भरपाई काय हुत न्हाय."

शिवबाईने करडगी काढली आणि खाली वाकली. रुद्रप्पाने मध्येच हात पुढे केला. तिने ती त्याच्या तळहातावर ठेवली. इतके दिवस त्याने करडगीकडे नीट पाहिलंच नव्हतं, तो आता दोऱ्याकडे बघत होता. पाच पदरी, पांढरा, भस्म लागलेला, एकदाही गळ्यात न गेलेला. शेतकरी कासरा पारखतो तसा त्याने तो दोन मुठींत धरला आणि ओढून पाहिला. पुन्हा एकदा ओढला, जोर लावून.

"पक्का हाय," तो म्हणाला.

दहा दिवसांत तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला होता. त्याने दोरा करडगीभोवती गुंडाळला, ती खड्ड्यात ठेवली, आणि दोघांनी मिळून माती लोटली.